भूत यायच्या आधी रॉकेल संपायला हवं

प्रश्न असा आलाय: "भुताखेतांची पुस्तकं बरीच वाचली, पण सिनेमा बघताना जशी भीती वाटते तशी वाचताना वाटतच नाही. सुपरनॅचरल पण हवं आणि जीव वाचवायची धडपड पण हवी, अशा कादंबऱ्या सुचवा. कुठून सुरुवात करू? आणि मराठीत असलं काही आहे का?"

मी स्वतः भयकथा लिहिते आणि दिवाळी अंकांसाठी आलेल्या भयकथा वाचून निवडायचं कामही बरीच वर्षं करतेय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. नुसती नावं देऊन उपयोग नाही, कारण "पुस्तकात भीती वाटत नाही" ही तक्रार मी खूप जणांकडून ऐकते आणि बहुतेक वेळा दोष वाचणाऱ्याचा नसतो.

सिनेमात दचकवता येतं, अचानक आवाज करता येतो. पुस्तकात ते जमत नाही, पान उलटताना कोणी दचकत नाही. पुस्तकाकडे दुसरंच हत्यार असतं, ते म्हणजे हिशोब. माणूस कुठे अडकलाय, त्याच्याकडे खायला किती उरलंय, दिवा किती वेळ जळेल, दार आतून लागतं का, सगळ्यात जवळचं दुसरं माणूस किती अंतरावर आहे. हे लेखकाने नीट सांगितलं की वाचणारा नकळत स्वतः मोजायला लागतो, आणि एकदा तुम्ही मोजायला लागलात की तुम्ही त्या खोलीत अडकलात. मग भूत थोडंसंच दाखवलं तरी पुरतं. माझ्याकडे येणाऱ्या ज्या कथा फसतात त्यातल्या बऱ्याचशा इथेच फसलेल्या असतात, वाडा असतो, अमावस्या असते, कुत्री रडत असतात, पण त्या वाड्यात अडकलेल्या माणसाच्या मोबाइलला किती चार्जिंग आहे आणि तो सरळ चालत रस्त्यावर का जात नाही याचा पत्ताच नसतो. तो बाहेर जाऊ शकतो हे कळलं की भीती संपली.

म्हणून तुम्ही जे दोन प्रकार एकत्र मागताय ते मला मुळात एकच वाटतात. जगायची धडपड जितकी खरी तितकं भूत खरं.

सुरुवात छोट्या गोष्टीने करा. अल्जरनॉन ब्लॅकवुडची 'द विलोज', १९०७ ची. कादंबरी नाही, दीर्घकथा आहे, एका बैठकीत होते. दोन मित्र छोट्या कनूमधून डॅन्यूब नदीतून चाललेत, व्हिएन्ना मागे पडलंय, बुडापेस्ट यायचंय, नदीला पूर आलाय आणि ते विलोच्या झुडपांनी भरलेल्या एका वाळूच्या बेटावर मुक्काम करतात. बेट पुराच्या पाण्याने कडेकडेने ढासळतंय, म्हणजे पायाखालची जमीनच दर तासाला कमी होतेय. आता यात ब्लॅकवुड काय करतो बघा. सकाळी उठून बघतात तर एक वल्हं गायब. दुसरं आहे, पण ते कोणीतरी घासून घासून इतकं पातळ केलंय की पाण्यात जोर लावला की मोडणार. कनूच्या तळाला एक चीर. आणि पिशवीत पाव नाही. पावाचं स्पष्टीकरण निवेदक लगेच देतो, प्रेसबर्गला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाला, घ्यायचा विसरलो म्हणून, आणि दोघं हसतात, पण ते हसणं तुम्हाला बरं वाटत नाही. यात भुताचं काहीच नाही हं! फक्त एक वल्हं, एक चीर आणि एक पाव. पण निघायचा रस्ता बंद झालाय हे तुम्हाला त्यांच्या आधी कळतं. रात्री घुमणारा तो आवाज, वाळूत पडलेले नरसाळ्यासारखे खड्डे, हे सगळं त्यानंतर काम करतं, आधी केलं नसतं. मला कोणी भयकथा कशी लिहायची विचारलं की मी हीच वाचायला देते. कॉपीराइट संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळते.

त्याच काळातला विल्यम होप हॉजसन पण फुकटच आहे. हा माणूस पोरवयात जहाजावर गेला होता, मर्चंट नेव्हीत वर्षानुवर्षं काम केलेला, आणि पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. त्याची 'द घोस्ट पायरेट्स' १९०९ ची. शिडाच्या जहाजावर रात्रपाळीला असलेले खलाशी, वर दोरखंडात कामाला चढायचं, आणि वर कोणीतरी आहे. चढायला नाही म्हणता येत नाही कारण हुकूम आहे आणि शीड आवरलं नाही तर जहाज जाईल. कुठली दोरी कुठे बांधलेली असते हे हॉजसनच्या हाताला माहीत आहे आणि ते वाक्यावाक्यात कळतं. भाषा जुनी आहे, जहाजाचे शब्द खूप आहेत, पहिल्या वीसेक पानांत कंटाळा येऊ शकतो, तेवढं सोसा.

मग मिशेल पेव्हरची 'डार्क मॅटर', २०१० ची. तुमच्या प्रश्नाला एकच उत्तर द्यायचं असतं तर मी ही दिली असती. १९३७ साल, जॅक मिलर नावाचा लंडनमधला गरीब, चिडका, एकटा तरुण, काही श्रीमंत घरच्या पोरांच्या आर्क्टिक मोहिमेत वायरलेस ऑपरेटर म्हणून जातो. स्वालबार्डमध्ये, म्हणजे आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या बेटांवर, ग्रूहुकेन नावाचा निर्जन किनारा, तिथे एक खोपटं बांधून वर्षभर हवामानाच्या नोंदी करायच्या. त्यांना घेऊन जाणारा नॉर्वेजियन कप्तान तिथे उतरवायलाच तयार नसतो, कारण नीट सांगत नाही. मग एकेक करून बाकीचे गळतात, कोणाचा पाय मोडतो, कोणाला अपेंडिक्स होतं, आणि शेवटी जॅक आणि कुत्र्यांची टोळी एवढेच उरतात. आणि सूर्य जातो.

सूर्य जातो म्हणजे काय हे आपल्याकडे बसून कळत नाही. स्वालबार्डच्या लाँगइयरब्येन गावात ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही, आणि मधले अडीचेक महिने तर दुपारी बारालाही रात्रच. पेव्हर तिथे स्वतः जाऊन आलेली आहे आणि ते दिसतं. कादंबरी डायरीच्या रूपात आहे, त्यामुळे तारखा तुमच्या डोळ्यासमोर सरकतात आणि उजेड दिवसेंदिवस कमी होताना तुम्ही अक्षरशः बघता.

पण तिची खरी हुशारी मला त्या हवामानाच्या नोंदींत वाटते. भुताच्या गोष्टीतला सगळ्यात अवघड प्रश्न असतो की हा मूर्ख बाहेर का जातोय? घरात बस ना! जॅकला जावंच लागतं. ठरलेल्या वेळी कंदील घेऊन अंधारात बाहेर, तापमान बघायचं, वारा बघायचा, परत येऊन वायरलेसवर पाठवायचं, आणि हे चुकलं तर सगळी मोहीम फुकट आणि तो त्या श्रीमंत पोरांसमोर कायमचा कमी ठरणार. म्हणजे त्याला दाराबाहेर ढकलणारी गोष्ट भूत नाही, त्याचा स्वाभिमान आहे. बाहेर एक खांब आहे, अस्वलांना जवळ आणून मारायला शिकारी लोक असा खांब रोवायचे, तो खोपट्याच्या खिडकीतून दिसतो. एवढंच सांगते. पुढचं वाचा, शक्यतो डिसेंबर जानेवारीत, रात्री. दोनशे अडीचशे पानांचीच आहे.

तिचीच 'थिन एअर', २०१६ ची, भारतातून सुरू होते म्हणून मुद्दाम सांगते. १९३५ मध्ये ब्रिटिशांची टीम दार्जिलिंगहून कांचनजंगावर निघते, आधीच्या एका फसलेल्या मोहिमेच्या मार्गानेच. ती आधीची मोहीम कादंबरीतली काल्पनिक आहे, पण १९०५ मध्ये खरोखरच एक मोहीम तिथे हिमस्खलनात चार माणसं गमावून परतली होती. ८,५८६ मीटरचा हा डोंगर तिथल्या लोकांसाठी देवाचं ठिकाण आहे, आणि १९५५ मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड पहिल्यांदा वर पोचले तेव्हा सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाखातर शेवटच्या काही फुटांवर थांबले, माथ्यावर पाय ठेवला नाही. नंतरचेही बरेच गिर्यारोहक तसंच करत आलेत. पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची टीम २०१९ मध्ये या शिखरावर जाऊन आली तेव्हा बातम्या वाचताना मला ही कादंबरी आठवत होती.

यात भूत आहे की विरळ हवेने डोकं फिरलंय हे पेव्हर ठरवू देत नाही, आणि हा प्रकार लेखकाने मनाने काढलेला नाही. फ्रँक स्माइथ हा ब्रिटिश गिर्यारोहक १९३३ मध्ये एव्हरेस्टवर एकटा वर चढत होता तेव्हा त्याला आपल्याबरोबर कोणीतरी आहे असं इतकं पक्कं वाटत होतं की त्याने खिशातला मिंट केक काढून अर्धा तुकडा द्यायला मागे वळून हात पुढे केला. मागे कोणी नव्हतं. अंटार्क्टिकाच्या मोहिमांवर गेलेल्या शॅकलटनने लिहिलंय की १९१६ मध्ये साउथ जॉर्जिया बेट तिघांनी पायी ओलांडलं तेव्हा आपण चौघं आहोत असं त्याला सारखं वाटत होतं. या लोकांना तो सोबती बरा वाटला, आधार वाटला. पेव्हरने फक्त एवढाच विचार केला की तो सोबती चांगला नसेल तर?

आता मोठं पुस्तक. डॅन सिमन्सची 'द टेरर', २००७ ची, सातशेच्या वर पानं. ही माझी सगळ्यात लाडकी आहे त्यामुळे इथे जरा थांबते.

यामागचा खरा इतिहास माहीत असला तर कादंबरी दुप्पट चढते. मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिनच्या हाताखाली एरेबस आणि टेरर अशी दोन जहाजं इंग्लंडहून निघाली, कॅनडाच्या वरून प्रशांत महासागरात जायचा रस्ता शोधायला. तीन वर्षांचा शिधा, आगगाडीची इंजिनं काढून जहाजात बसवलेली, जहाज गरम ठेवायला पाइप, हजारो डबाबंद खाण्याचे डबे. १२९ माणसं. एकही परत आला नाही. किंग विल्यम बेटावर पुढे १८५९ मध्ये शोधपथकाला एक कागद सापडला, आणि तो कागद म्हणजे माझ्या मते जगातली सगळ्यात भीतीदायक भयकथा आहे, ती पण एकाच पानावर लिहिलेली. आधी मे १८४७ चा मजकूर, सगळं ठीक आहे म्हणून. आणि मग त्याच छापील कागदाच्या समासात, कडेकडेने, एप्रिल १८४८ चा मजकूर: जहाजं सप्टेंबर १८४६ पासून बर्फात अडकलेली, आता सोडून दिली, सर जॉन ११ जून १८४७ ला वारले, आजवर ९ अधिकारी आणि १५ खलाशी मेले, उरलेले १०५ उद्या दक्षिणेला नदीकडे चालत निघतोय. बस. पहिला मजकूर लिहिल्यानंतर पंधरा दिवसांतच फ्रँकलिन गेलेला. त्या दोन मजकुरांच्या मधल्या अकरा महिन्यांत काय झालं हे कोणालाही माहीत नाही, आणि सिमन्सची कादंबरी बरीचशी त्या समासात घडते.

त्याने एक राक्षस आणलाय. खलाशी त्याला नाव पण देऊ शकत नाहीत, बर्फावरचं ते, एवढंच म्हणतात. बरेच वाचक मला विचारतात की खरी गोष्ट इतकी भयानक असताना राक्षस कशाला? मला वाटतं तो हवाच होता. कारण इतिहास माहीत असलेल्या वाचकाला सगळे मरणार हे माहीतच आहे. राक्षसामुळे कधी आणि कोण हे कळेनासं होतं. आणि दुसरं म्हणजे, पुढे पुढे एक वेळ अशी येते की वाचणाऱ्याला राक्षसापेक्षा डब्यातल्या मटणाची जास्त भीती वाटायला लागते, आणि ती तुलना करायला तो राक्षस समोर असावा लागतो.

हिशोबाची गोष्ट मी वर केली ना, ती या कादंबरीत अगदी उघड्यावर आहे. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्या पात्राचं नाव, अक्षांश, रेखांश आणि तारीख. जहाजं अडकलेली असताना अक्षांश रेखांश जेमतेम हलतात, पानंच्या पानं वाचून तुम्ही तिथेच. कोळसा किती, डबे किती, त्यातले सडके किती, दारू किती, लिंबाचा रस किती. दर थोड्या पानांनी कोणीतरी मोजतंच असतं आणि दर वेळी आकडा खाली आलेला असतो.

स्कर्व्हीचं एक उदाहरण देते कारण ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्याला शाळेत सांगतात की व्हिटॅमिन सी नसलं की हिरड्यांतून रक्त येतं. ते खरंच आहे, पण पुढचं सांगत नाहीत. जखम भरून येते ती कोलॅजन नावाच्या प्रथिनाने, आणि ते कोलॅजन शरीर सतत मोडत आणि नव्याने बनवत असतं. व्हिटॅमिन सी नसेल तर नवं बनत नाही. म्हणजे वीस वर्षांपूर्वी भरलेली, तुम्ही विसरून गेलेली जखम पुन्हा उघडते. सिमन्सने हे जसं वापरलंय, की माणसाचं जुनं आयुष्य त्याच्या अंगावर परत फुटून येतंय, ते कुठल्याही भुतापेक्षा वाईट आहे. आणि त्यांच्याकडे लिंबाचा रस होता, पण साठवलेल्या रसाचा गुण वर्षागणिक कमी होत जातो. त्याच बर्फावर राहणारे इन्युइट लोक ताजं सीलचं मांस खाऊन ठणठणीत होते, कारण त्यात व्हिटॅमिन सी असतं. ही गोष्ट कादंबरीच्या मुळाशी आहे, उत्तर समोर आहे आणि ते बघायची तयारी नाही.

आइस मास्टर, म्हणजे बर्फातून जहाज कसं न्यायचं ते सांगणारा जाणकार, ब्लँकीचा एक प्रसंग आहे, रात्रीचा, वादळातला, जीव वाचवायला डोलकाठीवर चढण्याचा. हिवाळ्यात वरच्या काठ्या उतरवून ठेवलेल्या असतात, डेकवर कॅनव्हासचा तंबू घातलेला असतो, ही माहिती सिमन्सने आधीच सहज सांगून ठेवलेली असते, तेव्हा वाटतं कशाला एवढं जहाजपुराण. आणि मग ब्लँकी चढायला लागतो आणि तुमच्या लक्षात येतं की वर फारशी जागाच उरलेली नाही. ही माहिती ऐन वेळी सांगितली असती तर प्रसंग पडला असता.

आणि शेवटी ती ओढायची होडी. हे खरं आहे, कादंबरीतलं नाही. त्याच १८५९ च्या शोधपथकाला घसरगाडीवर चढवलेली एक होडी सापडली, आत दोन सांगाडे, आणि सामानात चांदीचे काटेचमचे, चहा, चॉकलेट, सुगंधी साबण, पुस्तकं. उपाशी, आजारी माणसं कित्येक मणांचं हे ओझं बर्फावरून ओढत होती. आणि होडीचं तोंड सुटकेच्या दिशेला नव्हतं, सोडून आलेल्या जहाजांच्या दिशेला होतं. याचं कारण काय, यावर अभ्यासक अजून भांडतात. डब्यांच्या शिशाने डोकी बिघडली होती असं एक मत आहे, १९८० च्या दशकात बीची बेटावरच्या तीन थडग्यांतली प्रेतं उकरून तपासली तेव्हा शिसं सापडलं होतं, पण त्याचा वाटा किती यावर आता बराच वाद आहे. एरेबस २०१४ ला सापडलं आणि टेरर २०१६ ला, म्हणजे कादंबरी आल्यानंतर. २०१८ ची मालिका पण चांगली आहे, पण पुस्तक आधी वाचा.

बाकीची जरा भराभर सांगते.

रिचर्ड मॅथेसनची 'आय अ‍ॅम लेजंड', १९५४ ची. सिनेमा बघितला असेल तर विसरा, पुस्तकाचा शेवट वेगळा आहे आणि खूप मोठा आहे. एक माणूस, एक घर, रात्री बाहेर व्हॅम्पायर झालेले शेजारी नाव घेऊन हाका मारतायत, आणि दिवसा तो लसणाच्या माळा बदलतो, फळ्या ठोकतो, जनरेटर बघतो. एकदा तो बायकोच्या थडग्यापाशी जातो आणि तिथे त्याच्या लक्षात येतं की घड्याळ बंद पडलंय. एवढंच होतं. बंद घड्याळ. त्यानंतरची घरी परतायची पानं माझ्या आयुष्यात वाचलेल्या सगळ्यात वेगवान पानांपैकी आहेत.

स्टीफन किंगची 'द शायनिंग', १९७७, तुम्ही ऐकलीच असेल. सिनेमावाल्यांना माहीत नसतं की कादंबरीत खरा टाइम बॉम्ब तळघरातला जुना बॉयलर आहे, त्याचा दाब रोज आठवणीने सोडावा लागतो नाहीतर तो चढत जातो. दारू सोडलेल्या माणसाला असं काम दिलंय, की रोज आठवण ठेव. यापेक्षा चांगली योजना सांगा. याच्यापेक्षा लहान हवी असेल तर त्याचीच 'द गर्ल हू लव्ह्ड टॉम गॉर्डन', १९९९ ची, नऊ वर्षांची मुलगी जंगलात हरवते, पाठीवरच्या पिशवीत थोडं खाणं आणि एक वॉकमन. भूत आहे की नाही हे तिच्या तापावर सोडलंय. घरात वाचणारी मुलं असतील तर चौदापंधराच्या पुढे द्यायला हरकत नाही.

जॉश मॅलरमनची 'बर्ड बॉक्स', २०१४, डोळ्यावर पट्टी बांधून विहिरीवरून पाणी आणायचं, अशा साध्या कामांवर उभी आहे. स्कॉट स्मिथची 'द रुइन्स', २००६, मेक्सिकोच्या जंगलातली, शिधा वाटण्यावरून माणसं कशी तुटतात हे इतकं नीट दुसरीकडे नाही, पण रक्त, कापाकापी भरपूर, सोसत नसेल तर सोडा. अ‍ॅडम नेव्हिलची 'द रिच्युअल', २०११, स्वीडनच्या जंगलात हरवलेले चार मित्र, पहिला अर्धा भाग पहिल्या दर्जाचा, ओले बूट, दुखरा गुडघा, एकमेकांवरचा जुना राग, सगळं अचूक. दुसऱ्या भागात माणसं येतात, बोलायला लागतात आणि मला तिथे भीती उतरल्यासारखी वाटते. तुमचं मत वेगळं असू शकेल.

मराठीचं. नारायण धारपांनी आपल्याला भयकादंबरी वाचायला शिकवलं यात शंका नाही, आणि त्यांचं वाचन किती ताजं होतं ते 'लुचाई' वाचताना दिसतं, स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'चा सांगाडा घेऊन त्यांनी आपल्याकडचं गाव उभं केलंय. 'तुंबाड' सिनेमामागेही धारपांची कथा आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा तर घरोघरी वाचल्या गेल्या. पण या दोघांचंही बळ घरात आहे, नात्यात आहे, मनात आहे. उघड्यावर, पावसात, अन्नपाणी संपत आलेल्या माणसाची भयकादंबरी, जशी तुम्ही मागताय तशी, माझ्या वाचनात मराठीत फारच कमी आली. आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण माल सगळा आपल्याकडे पडलाय.

चकव्याचंच घ्या. कोकणात, घाटावर, विदर्भात, कुठेही विचारा, रात्री रानातून चालताना चकवा लागतो, माणूस रात्रभर चालत राहतो आणि उजाडल्यावर बघतो तर त्याच बांधावर. हे भूत अंगावर येत नाही, गळा धरत नाही, फक्त वाट काढून घेतं. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगून जीपीएसने माग काढला होता. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली, ढगाळ असलं की जंगलात गोल गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आली, आणि त्यांना मात्र आपण सरळच चाललोय असं वाटत होतं. आता जुलैमधला सह्याद्री डोळ्यासमोर आणा, धुकं, दोन हातांवरचं दिसत नाही, ओढे चढलेले, मोबाइलला रेंज नाही, टॉर्चची बॅटरी एक, सोबतचा माणूस घसरून पाय मुरगाळलेला आणि तिसऱ्यांदा तोच वाघोबाचा दगड आला. यात भूत आणायची घाई करू नका एवढंच मी नव्या लिहिणाऱ्यांना सांगते. आधी बॅटरी संपू दे, बिस्किटाचा पुडा संपू दे. पाण्यात ओढणारा गिऱ्हा आहे, विहिरीवरच्या आसरा आहेत, पिंपळावरचा मुंजा आहे, प्रत्येकाची जागा ठरलेली आणि नियम ठरलेले. आपल्या आज्या सांगायच्या त्या गोष्टींत कुठे जायचं नाही, किती वाजता जायचं नाही, बरोबर काय न्यायचं, मागून हाक आली तर काय करायचं, हे सगळं असायचंच. ते सगळं जगण्याचेच नियम होते.

वाचायचा क्रम विचारलात म्हणून: 'द विलोज', मग 'डार्क मॅटर', मग 'आय अ‍ॅम लेजंड', मग 'थिन एअर', आणि सवय झाली की 'द टेरर'. इंग्रजी वाचायची फार सवय नसेल तर 'डार्क मॅटर'पासूनच सुरू करा, तिची भाषा सोपी आहे, 'द विलोज' नंतर वाचली तरी चालेल. 'द टेरर'ची पहिली शंभर दीडशे पानं माणसं आणि तारखा मागेपुढे होतात, कोण कोणत्या जहाजावर आहे ते लक्षात राहत नाही, तेव्हा एका कागदावर दोन रकाने करून नावं लिहून ठेवा आणि बीची बेट, किंग विल्यम बेट आणि तिथून दक्षिणेला बॅक नदी एवढा नकाशा फोनवर उघडून ठेवा. इंग्लिश पुस्तकं विकत घ्यायची नसतील तर मोठ्या शहरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत किंगची हमखास मिळतात, सिमन्स कधीमधी मिळतो, पेव्हर मात्र बहुतेक मागवावीच लागेल.